बर्फावरची नळी

२ डिसेंबर २०१९, सोमवार

विनिपेगच्या इस्पितळातून पत्र आलं. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढल्यावर पाकीट हातात घेताच बहुतेक कळतं, आत काय असेल. हे कळलं नाही.

डॉ. फाँटेन म्हणून कोणी बाई आहेत. शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे त्यांचं काम. कवटी आणि मेंदूच्या मध्ये महिनोन् महिने साचलेलं रक्त, आणि त्याच जागी लिम्फोमा नावाचा कर्करोग — अशी दोन्ही एकत्र सापडलेली माणसं जगात मोजकी. त्यांची माहिती त्या गोळा करताहेत. माझा नवरा ओरेस्ट त्यांतला एक. तिन्ही शस्त्रक्रियांतले तुकडे अजून त्यांच्याकडे आहेत. पुन्हा तपासायला माझी परवानगी हवी. "काय निघालं ते जाणून घ्यायचं असेल, तर समोर बसून सांगेन," असं शेवटी हातानं लिहिलंय.

सही केली. मला एवढंच हवंय — आधी काय आलं, रक्त की रोग?

रक्त आधी आलं असेल, तर माझ्या भावाच्या नळीनं माझा नवरा मारला. मला ते माहीतच आहे. आता कागदावर हवंय.

३ डिसेंबर

पत्र टाकून आले. उणे सव्वीस. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली.

८ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये नेस्टर मागच्या बाकावर होता, त्याची बायको पॉलीन शेजारी. मी पुढे. बाहेर पडताना पॉलीननं माझ्या बाहीला हात लावला. "बरी आहेस ना गं?" मी मान हलवली. नेस्टर टोपी हातात घेऊन बुटांकडे बघत होता. धाकटा भाऊ, एकसष्टीचा झाला, पण अपराधी उभा राहतो तो लहानपणासारखाच. पाय आत वळवून.

वीस महिने मी त्याच्याशी बोललेले नाही.

तो दिवस कधी लिहून ठेवला नव्हता. आज लिहिते.

१९ नोव्हेंबर २०१७. मोसमातला पहिला खेळ. आमच्या गावात थंडीत दुसरं असतं काय — कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर धोंडे सरकवायच्या खेळाचा हॉल, वर कॉफी, खाली बर्फाच्या चार पट्ट्या. ओरेस्ट बावीस वर्षं संघाचा कप्तान. वीस किलोचा धोंडा तो असा सोडायचा, की बघणाऱ्याला वाटावं धोंडा स्वतःहून निघाला. नेस्टर धोंड्यापुढे झाडूनं बर्फ घासणारा, आणि हॉलचा बर्फही त्याच्याच हाताखालचा. पाणी सोडणं, थेंब शिंपडणं, सगळं तोच करतो.

मी वर कॉफी ओतत होते. धप्प आवाज आला. खाली गेलो तर ओरेस्ट बसलेला, डोक्यामागे हात. नेस्टर त्याच्याजवळ गुडघ्यावर. शेजारी पाण्याची नळी आडवी.

नेस्टर उठला आणि हात वर केला. "नळी माझी. मी गुंडाळून ठेवली नाही. तो तिला अडखळला."

आमच्या खेळात पंच नसतो. सरकत्या धोंड्याला झाडू लागला, तर ती चूक, आणि ज्याचा लागला त्यानंच हात वर करून सांगायचं. समोरच्यानं पाहिलं असलं तरी तो बोलत नाही. आणि ज्यानं हात वर केला त्याला कोणी विचारत नाही, खरंच लागला का म्हणून. त्या दिवशीही कोणी विचारलं नाही.

ओरेस्ट हसला. "मेव्हण्या, मला मारायचंच होतं तर धोंडा तरी घालायचास."

सगळे हसले. मीही.

९ डिसेंबर

पुढचंही लिहून टाकते.

सात आठवड्यांनी ओरेस्टच्या डाव्या हातातून कप सुटायला लागला. दिवसा झोपायचा. मार्ताला — आपल्याच मुलीला — फोनवर माझ्या नावानं हाक मारली. विनिपेगला नेलं. सर्जन रायमर म्हणाले, "या वयात मेंदू थोडा आकसतो. डोक्याला मार बसला की वरच्या बारीक शिरा तुटतात, रक्त झिरपत राहतं. आठवड्यांनी कळतं." कवटीला दोन भोकं पाडली. गाडीतून जुनं तेल काढावं तसं काळं निघालं म्हणे.

एप्रिलमध्ये पुन्हा साचलं. पुन्हा काढलं. त्या दिवसापासून मी नेस्टरशी बोलणं सोडलं. ठरवून नाही. तोंड उघडेना.

ऑक्टोबरात तिसऱ्यांदा. या वेळी कवटीचा तुकडा काढून आतलं जाड झालेलं आवरण सोललं. त्यात लिम्फोमा. रायमर म्हणाले, "बंद जागेत फार दिवस रक्त राहिलं, तर क्वचित त्यातच हे वाढतं. क्वचित उलटंही असतं." मी फक्त पहिलं वाक्य घरी आणलं.

या वर्षी ११ फेब्रुवारीला गेला.

नळी, पडणं, रक्त, रोग. पोस्टाच्या शिक्क्यांसारखं — कुठून निघालं, कुठं पोचलं.

१५ डिसेंबर, रविवार

तळघरातून बटाटे आणले. यंदा मी एकटीनं लावले, एकटीनं काढले. २०१७ साली शेवटचे दोन वाफे जमिनीतच राहिले होते. ओरेस्ट म्हणाला होता, कंबर धरलीय.

पुढे लिहीत नाही.

कॅलगरीहून मार्ताचा फोन. "आई, या वर्षी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मामाला बोलाव ना."

"जागा नाही."

"आठ माणसांचं टेबल आहे, आई. आपण दोघी."

"तिसरी खुर्ची तुझ्या बाबांची."

"मग उरल्या पाच," ती म्हणाली. शिक्षिका आहे, गणित लगेच करते.

६ जानेवारी २०२०, सोमवार

पवित्र संध्याकाळ — आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगानं ख्रिसमसची आदली रात्र. रिवाजाचे बारा पदार्थ दोघींसाठी करणं हा वेडेपणाच, तरी केले. रिकाम्या खुर्चीपुढे ताट मांडलं, मेणबत्ती लावली. मेलेली माणसं आज घरी येतात, असं माझी आई मानायची. बसण्याआधी खुर्चीवर फुंकर मारायची — कोणी बसलेलं असेल तर चिरडायला नको.

मीही मारली. मार्तानं पाहिलं.

दारात बरणी सापडली. शिजवलेला गहू, खसखस, मध. पॉलीनच्या हातचं. बर्फात दोन माणसांच्या पावलांचे ठसे — एक जोडी पायरीपर्यंत, दुसरी फाटकाशी थांबलेली. पाय आत वळवून.

७ जानेवारी

गहू खाल्ला. माझ्यापेक्षा चांगला झाला होता.

२२ जानेवारी, बुधवार

विनिपेग. चार तास गाडी चालवली. रस्ता कोरडा, वारा आडवा.

डॉ. फाँटेन पन्नाशीच्या असतील. केस आखूड, हातावर शाईचा डाग. खोलीत खोकी आणि काचपट्ट्या. मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसल्या. डॉक्टर असं बसत नाहीत सहसा.

"तुम्हाला काय जाणून घ्यायचंय, ते आधी सांगा."

"आधी काय आलं?"

त्यांनी एक छोटी मेणाची वडी दाखवली. नखाएवढा तुकडा आत. पहिल्या शस्त्रक्रियेचा, जानेवारी २०१८चा. सगळे तुकडे असे मेणात घालून वर्षानुवर्षं ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. ओरेस्ट थोडासा इथं होता तर, एका कपाटात.

"यातून नव्यानं काप घेतले. जास्तीच्या तपासण्या केल्या," त्या म्हणाल्या. "पेशी त्याच आहेत. शेवटी सापडल्या त्याच. पहिल्या दिवशीही होत्या, आणि आवरणात दूरवर पसरलेल्या होत्या. पडल्यापासून सात आठवड्यांत एवढं होत नाही. काही रुग्णांमध्ये जुन्या रक्तात हा रोग नंतर वाढतो, खरंय. तुमच्या यजमानांच्या बाबतीत मला उलटं वाटतं. रोग आधी होता. त्यानं आवरणाच्या शिरा पोखरल्या, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा येत राहिलं."

मी विचारलं, "म्हणजे पडले नसते तरी?"

"तरीही."

पाणी दिलं त्यांनी. मग एक कागद पुढे सरकवला. पहिल्या तुकड्याबरोबर आलेली चिठ्ठी. वर लिहिलेलं — बर्फावर नळीला अडखळून पडले, डोक्याला मार. खाली अहवाल — जुनं रक्त, सूज. बस.

"या पेशी थोड्या होत्या, पण दिसत होत्या," त्या म्हणाल्या. "वर मार लागल्याचं इतकं स्पष्ट लिहिलेलं. तपासणाऱ्यानं त्या सुजेच्या पेशी धरल्या. नळीचं लिहिलेलं नसतं, तर पुढच्या तपासण्या झाल्या असत्या." बोट सहीवर ठेवलं. "तपासणारी मीच होते. खाली सही माझीच आहे. हे तुम्हाला पत्रातून कळवायचं नव्हतं."

मी विचारलं, तेव्हा कळलं असतं तर वाचला असता का. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. या जातीचे काही रोग औषधाला बरे नमतात. नऊ महिने गेले, एवढं खरं."

मग वही काढली. "एकच विचारते. त्या दिवसाच्या आधी कधी पडले होते? पाय ओढणं, हातातून वस्तू सुटणं, असं काही?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं.

परतताना वाटेत कॉफीला थांबले. प्यायले नाही.

२३ जानेवारी

नेस्टरच्या नळीनं तो मेला नाही.

सकाळपासून हे वाक्य हातात घेऊन घरभर फिरतेय. ठेवायला जागा सापडत नाही.

२६ जानेवारी, रविवार

गेले. दुपारी, हॉलमध्ये कोणी नसताना. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन नेस्टर उलटा चालत बर्फावर थेंब शिंपडत होता. डावीकडे, उजवीकडे, मागे एक पाऊल.

"दार लाव. बर्फाला घाम येतो," तो न बघताच म्हणाला. मग पाहिलं.

"स्टेफा."

"बोलायचंय."

"अर्धी पट्टी राहिलीय. आता थांबलो तर रेघ उमटेल."

"पूर्ण कर. मी थांबते."

"तू? थांबतेस?" तेवढ्यातही बोललाच. "बर्फ वितळायच्या आत आलीस हेच नशीब."

बाकावर बसले. बर्फावर थेंब पडून गोठतात तो बारीक आवाज ऐकत राहिले. संपवून आला, टाकी उतरवली, माझ्यापासून एक माणूस सोडून बसला. मी सगळं सांगितलं. मेणाची वडी, पेशी, रोग आधी होता ते. म्हटलं, "तुझ्या नळीचा दोष नव्हता. मी एकवीस महिने तुझ्यावर अन्याय केला. क्षमा माग म्हणशील तर मागते."

त्यानं टोपी काढली. टोपीतच बघत बसला.

"नळी नव्हती, स्टेफा."

"काय नव्हती?"

"नळी. ती खिळ्याला टांगलेली होती. मी काय आज बर्फ करतोय? तीस वर्षांत एकदा तरी नळी खाली पाहिलीस?"

मी पाहिली नव्हती. कधीच नाही. आणि मला ते कधी खटकलं नाही.

"कोऱ्या बर्फावर पडला तो. उभ्याचा आडवा. डावा पायच नाही आला. त्या शरदातली तिसरी वेळ होती. एकदा माझ्या अंगणात, एकदा बोट ओढताना तळ्यावर. शुद्धीवर आला तो पहिलं वाक्य — 'मेव्हण्या, स्टेफाला कळू देऊ नकोस. माझे बाबा पडायला लागल्यावर आम्ही त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. वर्ष काढलं नाही त्यांनी. एकदा पडणारा म्हणून नाव लागलं की संपलं.' तुम्ही वरून जिना उतरत होतात. मी खिळ्यावरची नळी ओढली."

"आणि हात वर केलास."

"केला."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर केला म्हणूनच तर कोणी विचारलं नाही."

मग मी विचारलं, तो गेल्यावर तरी का सांगितलं नाहीस.

"कोणाला सांगू? तू बोलत नव्हतीस. भिंतीला सांगू?" मग हळू म्हणाला, "अंत्यविधीच्या दिवशी सांगणार होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. वाटलं, हिला आत्ता कोणावर तरी रागवायला हवंय. नाहीतर ही कोसळेल. मी होतोच की रिकामा."

मधली एका माणसाची जागा मी ठेवली नाही. सरकून बसले. त्याच्या कोटाला पाण्याचा आणि लोखंडाचा वास येत होता.

२८ जानेवारी

चिठ्ठीवरची नळी.

दोन दिवस कळत होतं, पण स्वतःशी वाचायचं टाळत होते. नेस्टरनं खिळ्यावरून नळी ओढली. मी ती रायमरना सांगितली. त्यांनी चिठ्ठीवर लिहिली. डॉ. फाँटेननी वाचली. पेशी दिसत असून सूज म्हणून सोडून दिल्या. नसलेल्या नळीनं नऊ महिने खाल्ले.

नेस्टरला हे माहीत नाही. मी त्याला "दोष नव्हता" एवढंच सांगून आले.

सांगितलं तर तो यातून उठणार नाही. नाही सांगितलं तर माझ्या हातात पुन्हा त्याच्याविरुद्ध काहीतरी राहतंच. आधीपेक्षा मोठं. रोज रागवता येईल असं.

१ फेब्रुवारी

पॉलीनकडे जेवले. नेस्टरनं माझ्या ताटात न विचारता आंबट मलई वाढली, लहानपणी वाढायचा तशी, जास्त. म्हणाला, "वाळलीस. टपाल उडून जाईल तसं उडून जाशील."

मला त्याच्याकडे नीट बघता आलं नाही. आता बुटांकडे मी बघते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ष झालं. चर्चमध्ये प्रार्थना. गोल पाव, त्यात खोवलेली मेणबत्ती. मार्ता आली होती. नेस्टर आणि पॉलीन माझ्या बाकावर बसले. मागच्या लोकांनी मान लांब करून पाहिलं. पाद्रीनं ओरेस्टचं नाव घेतलं तेव्हा नेस्टर रडला. मी नाही.

नंतर हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण. जुन्या संघातले सगळे. कोणी म्हणालं, ओरेस्टसारखा धोंडा सोडणारा पुन्हा होणे नाही. नेस्टर म्हणाला, "आणि 'घास, घास' म्हणून त्याच्यासारखा ओरडणाराही. घरी जाऊन पॉलीन कुजबुजली तरी मी घासायला लागायचो." हशा पिकला. मीही हसले. सव्वीस महिन्यांपूर्वी याच माणसांमध्ये हसले होते.

भांडी आवरताना नेस्टर शेजारी आला. फडक्यानं एकच ताट पुसत राहिला.

"त्या डॉक्टरीणबाईंनी आणखी काही विचारलं का गं? तो आधी पडत होता वगैरे?"

"नाही," मी म्हणाले.

"विचारलं तर सांग त्यांना. माझ्या नावानं सांग. काय व्हायचं ते होऊ दे. मला आता झोप नाही लागत."

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मार्ताला विमानतळाच्या बसमध्ये बसवलं. घरी येऊन विनिपेगला फोन लावला. डॉ. फाँटेनना सांगितलं, मी खोटं बोलले. सप्टेंबर २०१७, बटाट्याचा वाफा, ओरेस्ट पडला. उभ्याचा आडवा. मीच काखेत हात घालून उठवला. "नेस्टरला कळू देऊ नकोस, तो मला बर्फावर उतरू देणार नाही," म्हणाला. मी शपथ घेतली. जानेवारी २०१८ मध्ये रायमरनीही विचारलं होतं, आधी कधी पडले होते का. तेव्हाही मी नाहीच म्हणाले होते. नळी होती ना सांगायला.

आता हेच सांगायला हॉलवर निघालेय. नेस्टरनं न लागलेल्या झाडूसाठी हात वर केला. माझा लागला होता.